मोसंबीची जखम आणि यीस्ट: प्रोजेक्टवाल्यांसाठी

फळ सडवणाऱ्या बुरशीला यीस्टनं रोखायचा प्रोजेक्ट म्हटलं, की दरवर्षी आमच्या लॅबमध्ये एखादा गट हटकून आंबा घेऊन येतो. आंब्याचा करपा नको रे बाबांनो! त्याची बुरशी फळ कच्चं असतानाच सालीत शिरून दबा धरून बसते, वरून यीस्ट लावून तिथवर काही पोचत नाही. मोसंबी घ्या. तिची हिरवी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम डिजिटॅटम, सालीच्या जखमेतूनच आत जाते. यीस्टही तिथेच कामाला येतं: जखमेतून पाझरणारी साखर आणि जागा ते आधी बळकावतं, मग बुरशीच्या बीजाणूंना (तिच्या बियाच म्हणा) रुजायला फारसं काही उरत नाही.

मार्केट यार्डातून आणताना चकचकीत फळं टाळा, मेण लावलेलं असू शकतं. बीजाणूंसाठी एक सडकंही घ्या, हिरवी पूड (तेच बीजाणू) आणि कडेला पांढरी किनार असलेलं. गाळेवाला ते फुकट देईल, वर चमत्कारिक नजरेनं बघेल. पूड निळसर असेल तर ती दुसरी बुरशी.

यीस्ट शोधायला लांब जायला नको, ते निरोगी फळाच्या सालीवर असतंच. साल निर्जंतुक पाण्यात हलवा, ते पाणी क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणूंना रोखणारं औषध) घातलेल्या पीडीए प्लेटवर, म्हणजे बटाटा-डेक्स्ट्रोज आगरच्या थरावर, पसरा. मऊ, दुधी वसाहती उचला, सूक्ष्मदर्शकाखाली कळ्या फुटताना दिसतात का पाहा. अशा वेगळ्या केलेल्या यीस्टचा प्रत्येक वाण ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानावरही लावून बघा. जोमानं वाढला तर सोडून द्या. फळ शेवटी कुणाच्या तरी पोटात जायचं असतं.

आता मुख्य प्रयोग. फळ धुऊन, ७० टक्के अल्कोहोलनं पुसून सुकवा. निर्जंतुक खिळ्यानं ३ मिलिमीटर खोल जखम करा. एका मिलिलिटरमध्ये १० कोटी पेशी असलेलं यीस्टचं पाणी २० मायक्रोलिटर टाका. बीजाणूंचं पाणी (मिलिलिटरला १ लाख) तेवढंच, पण तीन गटांत: यीस्टनंतर २४ तासांनी, यीस्टसोबत, आणि यीस्टच्या २४ तास आधी. हा तिसरा गट खर्चिक वाटतो म्हणून मुलं गाळतात. गाळू नका, यीस्ट प्रतिबंध करतं की इलाज, हे त्यातूनच कळतं. जोडीला यीस्टऐवजी नुसत्या पाण्याचा आणि उकळून मारलेल्या यीस्टचा गट हवाच.

डब्यात ओला कापूस ठेवा, २५ अंशांच्या आसपास राहू द्या. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सडलेल्या भागाचा व्यास मोजा. पुढच्या फेरीत यीस्टच्या पाण्यात २ टक्के कॅल्शियम क्लोराइड घालून पाहा, बऱ्याच वाणांचा परिणाम त्यानं वाढतो.

फळं खायची नाहीत, हे सांगावं लागतं! सगळी ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करूनच फेका. हिरवी पूड लॅबभर उडाली की पुढच्या गटाच्या प्लेट्स गेल्याच म्हणून समजा.