आरशात बघून स्वतःचं चित्र काढायचं तर रेम्ब्रांटकडनं शिका (कोल्हापुरी घरात बसून)

लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुठल्याही जुन्या फोटोग्राफरला 'रेम्ब्रांट लाइटिंग' म्हणा, लगेच तो लाईटचा स्टँड उचलून तुमच्या डावीकडं वर नेऊन ठेवतो. पण रेम्ब्रांट हा माणूस होता का बल्बची कंपनी, हे त्याला सांगता येईलच असं नाही. मी स्वतः सहा-सात वर्षं असे फोटो काढले आणि मलाही माहीत नव्हतं, मग कधीतरी त्याची स्वतःचीच चित्रं एकामागनं एक बघितली आणि पुढचे दोन आठवडे कॅमेरा कपाटात.

सतराव्या शतकातल्या या डच चित्रकारानं आयुष्यभर आरशासमोर बसून स्वतःला काढलं. रंगातली चाळीसेक, वर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली तीसेक, शिवाय थोडी नुसती रेखाटनं. विशीतल्या कुरळ्या केसांच्या पोरापासनं ते 63 व्या वर्षीच्या, गाल ओघळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत. तुम्हाला चित्र शिकायचंय आणि मॉडेल म्हणून बसायला घरात कोण तयार नाही (घरचे दहा मिनिटं बसतात, मग कुकरची शिट्टी होते) तर हाच रस्ता धरा. खर्च शंभर-दोनशेच्या आत.

आधी जागा. उत्तरेकडची खिडकी असेल तर सोनं, कारण तिथनं ऊन थेट आत येत नाही आणि उजेड तासभर तरी फार हलत नाही. आता खिडकीच्या खालच्या निम्म्या भागावर जाड चादर किंवा जुनं सतरंजीचं कापड लावा, म्हणजे उजेड फक्त वरनं येईल. ही आयडिया माझी नाही, रेम्ब्रांटनं स्वतःच्या कामाच्या खोलीचं एक रेखाटन करून ठेवलंय, त्यात खिडकीची खालची दारं बंद आणि वरच्या तावदानातनंच उजेड आत येतोय. जुन्या कौलारू घरात राहत असाल तर अजून मजा, माडीवर एखादं काचेचं कौल असतंय बघा, सकाळी त्यातनं तिरका उजेड पडतो तो या कामाला एक नंबर, फक्त दुपारी बसू नका, उजेड डोक्यावरनं सरळ खाली येतो आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. फ्लॅटवाल्यांनी टेबल लॅम्प डोक्यापेक्षा हातभर उंच ठेवावा, एका बाजूला, आणि बाकी सगळे लाईट बंद. ट्यूबलाईट तर आठवणीनं बंद करा, ती चालू असली की चेहरा सपाट होतो, आधार कार्डावर असतो तसा.

मागं काळं किंवा गडद चॉकलेटी कापड टांगा.

आता आरसा. डोळ्यांच्या उंचीला, हातभर अंतरावर, आणि मान थोडी वळवून बसा. उजेडाच्या बाजूचा गाल सगळा उजळतो, आणि दुसऱ्या, सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण येतो. तो त्रिकोण दिसेपर्यंत लॅम्प किंवा मान हलवत राहायची. रुंदीला डोळ्याएवढा, लांबीला नाकापेक्षा जास्त नाही, असा आला की झालं. फोटोवाले ज्याला रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात ते एवढंच.

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं हे लक्षात असू द्या, यात रेम्ब्रांट पण अडकलाय. लंडनच्या केनवुड हाउसमध्ये त्याचं म्हातारपणाचं एक मोठं चित्र आहे, मागं भिंतीवर दोन अर्धवट वर्तुळं असलेलं, त्याचा एक्स-रे काढल्यावर कळलं की आधी त्यानं ब्रश आरशात दिसतो त्याच हातात, म्हणजे उलट्या हातात रंगवला होता आणि मग बदलला. तेव्हा तुमचा भांग उलटीकडं गेला तर टेन्शन घेऊ नका.

सामान सांगतो. पांढरा कागद अजिबात घ्यायचा नाही. पोरांच्या वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्या, रोल मिळतो, आणि चारकोलच्या (चित्र काढायच्या कोळशाच्या) चार-पाच कांड्या, एक पांढरा खडू, एक खोडरबर. खाकीच का, तर तुमचा मधला टोन फुकटात तयार मिळतो, सावलीला चारकोल आणि उजेडाला खडू, बास. रेम्ब्रांट पण थेट पांढऱ्यावर रंगवत नसे, आधी तपकिरी-करडा थर द्यायचा आणि त्यातनं अंधार आणि उजेड दोन्ही काढायचा. 'नाइट वॉच' म्हणून त्याचं जे जगप्रसिद्ध चित्र आहे (1642, साडेचार मीटरच्या आसपास रुंद, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच हॉलची अख्खी भिंत) त्याच्या खालचा थर तर वाळू मिसळलेल्या मातीचा निघालाय, कुंभार वापरतो तसली माती. एवढं मोठं चित्र आणि खाली काय, तर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शोभेल असला माल!

त्या चित्राचं नाव पण गंमतच आहे. ते रात्रीचं नाहीच. वरचं व्हार्निश काळं पडत गेलं आणि लोकांना वाटलं पहारा रात्रीचा आहे. वर 1715 मध्ये ॲमस्टरडॅमच्या नगरभवनाच्या भिंतीवर बसेना म्हणून चारी बाजूंनी कापलं. कापलं! असो, आपण आपल्या खाकी कागदाकडं येऊ.

काढायला सुरुवात करताना डोळे, नाक, ओठ असं काहीही काढायचं नाही. डोळे मिचकावून, म्हणजे अर्धे मिटून, आरशात बघा. सगळं पुसट होतं आणि फक्त दोन तुकडे उरतात, एक उजेडाचा आणि एक अंधाराचा. तेवढेच दोन तुकडे चारकोलची कांडी आडवी धरून कागदावर घाला. चेहरा ओळखू येत नाही? यायलाच नको. पहिली दहा मिनिटं हेच करायचं आणि याच दहा मिनिटांत निम्मी लोकं घाबरून पापण्या काढायला लागतात. मी पण लागलो होतो. माझं पहिलं चित्र बघून आई म्हणाली, "आबांचं काढलास होय रे, बरं आलंय." आबा म्हणजे माझे आजोबा, जाऊन वीस वर्षं झाली.

याच्यावर औषध म्हणजे रेम्ब्रांटचं स्वतःचं 1628 च्या सुमाराचं चित्र बघा, नेटवर मिळतं, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असतं. बाविशीचा पोरगा आणि डोळे जवळपास अंधारात! उजेड कुठं, तर मानेवर, कानाच्या पाळीवर आणि गालाच्या कडेला. केसांच्या बटा त्यानं ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या लाकडी टोकानं ओरखडून काढल्यात. आपण हे खोडरबरानं करायचं, रबराची ब्लेडनं पाचर कापून घ्या आणि सावलीतनं केस 'खोडून' बाहेर काढा. रबर नसेल तर ब्रेडचा मऊ गाभा चुरगाळून वापरा, जुने चित्रकार तेच वापरायचे. (पावाला बटर लावलेलं नसावं, हे सांगायची वेळ माझ्यावर आली आहे.)

सगळ्यात शेवटी खडू. तो कंजूसपणे. नाकाचा शेंडा, कपाळाचा एक भाग, खालच्या ओठावरचा ठिपका आणि त्रिकोण. तिथं मात्र दाबून लावा, थर बसला पाहिजे. रेम्ब्रांट सावल्या पातळ ठेवायचा आणि उजेडात रंग एवढा जाड लावायचा की त्याच्यानंतर अर्ध्या शतकानं एका चरित्रकारानं लिहून ठेवलं, त्याचं एक पोर्ट्रेट म्हणे नाकाला धरून उचलता आलं असतं. थोडी अतिशयोक्ती असणार, पण उशिराची चित्रं बघितली की वाटतं, अगदीच खोटं नसावं.

दुसऱ्या दिवशी तोंडं वाकडी करा. खरंच. 1630 मध्ये त्यानं आरशासमोर दचकलेला, चिडलेला, हसणारा असे स्वतःचे चेहरे करून तांब्यावर कोरले, काही तर पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडेच मोठे. मॉडेलला पैसे द्यायचे नाहीत आणि भाव शिकायचे, दोन्ही कामं एकदम. बाथरूमच्या आरशात करा, दार लावून.

तिसऱ्या दिवशी वेषांतर. त्याला नटायचा लई नाद. मखमली टोप्या, चिलखत, साखळ्या, आणि 1661 मध्ये स्वतःला संत पॉल म्हणून काढलं तेव्हा डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेलं, लांबनं बघितलं तर आपल्याकडचा पटका वाटावा असं. तेव्हा घरात लग्नातला फेटा पडला असेल तर काढा, घड्यांवर उजेड कसा पडतो हे शिकायला फेट्यासारखं दुसरं काही नाही. आणि हा काही ओढूनताणून जोडलेला संबंध नाही. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतनं आपल्याकडची मुघल लघुचित्रं ॲमस्टरडॅमला पोचली होती आणि त्यानं ती बघून साधारण 1656 ते 1661 च्या दरम्यान आशियातनं आलेल्या कागदावर नकला केल्या, वीसेक आजही आहेत, शहाजहान आहे त्यात. हॉलंड सोडून कधी बाहेर न गेलेला माणूस पन्नाशीत आपल्या चित्रकारांकडनं शिकत होता.

आणि तेव्हा त्याची परिस्थिती काय होती? 1639 मध्ये 13,000 गिल्डरचं (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन) घर घेतलं, हप्ते थकले, 1656 मध्ये दिवाळं. घरातल्या वस्तूंची यादी झाली, 363 नोंदी, शिंपल्यांपासनं रोमन पुतळ्यांपर्यंत. बायको सास्किया 1642 लाच गेली होती, तिची कबरीची जागासुद्धा पुढं विकावी लागली. लिलावातनं एक मोठा आरसा पोराला, तितूसला मिळाला, तो हमालाच्या डोक्यावरनं नेताना वाटेत फुटला. 1668 मध्ये तितूसही गेला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात हा. त्या शेवटच्या वर्षातही त्यानं स्वतःला काढलंच, आणि त्यातलं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं चित्र मी फोनवर झूम करून बघितलं तर नाकावरची शीर पण सोडलेली नाही. आपण मात्र सेल्फीला फिल्टर लावतो. तेवढ्यासाठी सांगतो, डोळ्याखालची पिशवी दिसली की लगेच पुसू नका, उजेडाचा त्रिकोण तिच्याच वर बसतो.

इथं कोल्हापुरात कुणाची चित्रं प्रत्यक्ष बघायची म्हणाल तर टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आपले जुने चित्रकार आबालाल रहिमान बघून या. पोर्ट्रेटपेक्षा त्यांचा जीव निसर्गचित्रांत जास्त, पण उजेड बघायची सवय लागते.

चित्र झालं की मागं तारीख घाला आणि चारकोल उडू नये म्हणून फिक्सेटिव्ह मारा, नसेल तर साधा हेअर स्प्रे हातभर लांबनं. मग वर बटर पेपर ठेवून सपाट ठेवा, गुंडाळी नको. आणि जूनच्या आत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कारण आपल्याकडच्या पावसात खाकी कागदाला बुरशी धरायला पंधरा दिवस पण लागत नाहीत, माझे आबा तसेच गेले.