येडशी–तुळजापूर: कधीच न झालेल्या रेल्वेचं छोटं मॉडेल

काल्पनिक लाइनवर लेआउट (मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा) करायचा म्हटलं की नव्या माणसाला हायसं वाटतं. आता चुका काढणारं कोणी नाही! कुठलंही इंजिन, कुठलंही स्टेशन, मागे डोंगर आणि पुढे बोगदा. असे लेआउट मी पुष्कळ पाहिलेत. काही दिवस गाडी गोल गोल फिरते, मग तिच्यावर धूळ बसते. खरी लाइन करताना निदान फोटो आणि नकाशे हाताशी असतात. काल्पनिक लाइनचा सगळा हिशोब मात्र आपणच मांडायचा असतो. ती कोणी बांधली असती, कुठल्या साली, आणि रोज तिच्यावरून काय गेलं असतं? हे आधी कागदावर आलं की खरेदीची यादी निम्म्यावर येते.

माझ्या लाइनचं मूळ खरं आहे. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे लाइन एका बाजूने 1911 मध्ये लातूरला पोचली, दुसऱ्या बाजूने पंढरपूरकडे आणि तिथून 1927 मध्ये मिरजेला. येडशीवरून जाणाऱ्या या लाइनने धाराशिवला मात्र बगल दिली होती आणि तुळजापूरला तर रूळच नव्हते. माझी कल्पना एवढीच: येडशीहून धाराशिवमार्गे तुळजापूरपर्यंत चाळीसेक किलोमीटरचा एक फाटा निघाला असता तर? साल 1935. नवरात्रात आणि आश्विन पौर्णिमेला यात्रेकरू, एरवी ज्वारी, भुईमूग आणि कापूस. (तुळजापूरला चालत जायचा नेम असलेला भक्त गाडीत बसला असता का, हा प्रश्न रास्त आहे. परतीचं तिकीट तरी त्याने काढलं असतं, असं मी धरून चालतो.)

कल्पना एकच ठेवा, बाकी सगळं खरं ठेवा. या छंदातल्या जाणत्यांनी हेच केलेलं दिसतं. इंग्लंडमध्ये जॉन अहर्न यांची मॅडर व्हॅली रेल्वे पूर्ण काल्पनिक होती, पण तिथली घरं आणि दुकानं खऱ्या इमारतींवरून केलेली. ती आज पेंडन संग्रहालयात आहे. उलट टोकाला कॅलिफोर्नियातले जॉन अ‍ॅलन. त्यांच्या लेआउटवर शंटिंगला, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायला, चक्क एक डायनोसॉर होता. त्यांना ते शोभलं, कारण बाकीची रेल्वे काटेकोर वेळापत्रकावर चालायची. आपण नव्या माणसांनी डायनोसॉरपासून सुरुवात करू नये.

आता स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या कितव्या हिश्शाचं. एचओ म्हणजे 1:87, आणि त्याचे बाजारात मिळणारे रूळ 16.5 मिमी गेजचे. आपला ब्रॉडगेज 1,676 मिमी, म्हणजे 1:87 मध्ये 19.3 मिमी व्हायला हवा. तयार रुळांवर भारतीय ब्रॉडगेज केला की तो अंग चोरून उभा राहिल्यासारखा दिसतो. अडीच फुटी गेज म्हणजे 762 मिमी, त्याला 87 ने भागा: 8.76. एन या आणखी लहान स्केलचे रूळ 9 मिमीचे असतात, म्हणजे फरक पाव मिलिमीटरचा! घरं, माणसं, बैलगाड्या एचओच्या आणि खालची यंत्रणा एनची, या जोडीला एचओई म्हणतात. माथेरानची गाडी करायची असेल तर हे गणित जमत नाही. तिचा गेज 610 मिमी, म्हणून 7 मिमी लागतात आणि तयार माल फारच कमी. एचओ डोळ्यांनी पाहून ठरवायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे एकदा जाऊन या.

जागा किती लागेल हे ठरवताना मी वाघिणीपासून (मालडब्यापासून) सुरुवात केली, लेआउटच्या खालच्या बोर्डापासून नाही. कॅलथ्रॉपने मालवाहू वाघिणींसाठी 25 फुटी पोलादी सांगाडा प्रमाण धरला होता. 1:87 मध्ये तो 88 मिमी, कपलिंग धरून साधारण 95. शंटिंगचं एक जुनं कोडं आहे, इंगलनूक. त्यात दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) आणि तीन लाइनी. एका लाइनीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. एकूण आठ वाघिणींतून पाच निवडून ठरलेल्या क्रमाने गाडी लावायची. पण 95 मिमीच्या पाच वाघिणी म्हणजे एकाच लाइनीला पावणेपाचशे मिमी, त्यापुढे सांधे, त्यापुढे इंजिन मागेपुढे करायची जागा. सव्वा मीटरच्या बोर्डावर श्वास घ्यायला जागा राहत नाही. म्हणून माझ्याकडे 3-2-2. पाच वाघिणींतून तिघींची गाडी, 60 वेगवेगळे क्रम. हे कमी वाटतात, पण प्रत्यक्षात लावून बघा.

तीन वाघिणींची लाइन म्हणजेच फलाटासमोरची मुख्य लाइन. दुसरी मालधक्क्याची, तिसरी कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे जाणारी. जिनिंग स्वतः बोर्डावर नाही. एक फाटक आणि पत्र्याची भिंत आहे, बस. स्टेशनचं नावही याच विचाराने ठेवलं: चिंचबन रोड. ‘रोड’ लागलं की गाव लांब असतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खुद्द कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नाव बार्शी रोड होतं. गाव लांब असल्यामुळे मला गाव बांधावं लागलं नाही. दोन माळवदाची घरं, एक चहाचं खोपट आणि वाट पाहणाऱ्या बैलगाड्या एवढ्यावर भागलं. माळवद सपाट असतं, त्यामुळे नवशिक्यासाठी ते कौलांपेक्षा कितीतरी सोपं.

मोह कुठे आवरावा याचं एक उदाहरण देतो. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजी हद्दीत. त्यामुळे करोडगिरीचा (जकातीचा) नाका, तपासणीला उतरवलेली पोती, फेटेवाले शिपाई असा सुंदर देखावा डोळ्यांसमोर येतो. पण नाका सरहद्दीवर असणार आणि चिंचबन रोड राज्याच्या आत आहे. म्हणून नाका नाही. त्याऐवजी तिकीट खिडकीशी दोन माणसं वाद घालताना उभी केली आहेत. एकाच्या हातात निजामाचा हाली रुपया, आत बाबूला हवा इंग्रजी कलदार. 20 मिमी उंचीच्या माणसाच्या हातातलं नाणं कोणाला दिसत नाही, पण ती तिथे का उभी आहेत हे मला ठाऊक आहे.

इंजिनाच्या बाबतीत तडजोड करावीच लागते. बार्शी लाइटची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, एकमेकांना जोडलेल्या चाकांच्या चार जोड्या आणि मागे आधाराला आणखी दोन. असं इंजिन 300 मिमी त्रिज्येच्या वळणावर चालवणं नव्या माणसाचं काम नाही. एन स्केलची तीन जोड्यांची तयार चासी घ्यावी आणि वर थ्रीडी प्रिंटचं टाकी-इंजिन बसवावं. छोट्या फाट्याला मुख्य लाइनने जुनं, छोटं इंजिन दिलं, ही गोष्ट सहज पटते. रूळ आणि सांधे पीको कंपनीचे घ्या, इथे काटकसर नको. वायरिंगवर जास्त सांगण्यासारखं नाही: 12 व्होल्ट डीसी, एक कंट्रोलर, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर.

खडीबद्दल मात्र सांगायलाच हवं. आपल्याकडे क्रशरची कच फुकटात मिळते. चहाच्या गाळणीतून चाळली की अगदी योग्य मापाची. पण आपला दगड बेसॉल्ट, त्यात लोहचुंबकी खनिज असतं. चाळलेली कच कागदावर पसरून वरून चुंबक फिरवा. त्याला काळी मिशी फुटेल. हे कण मोटरच्या चुंबकाला चिकटले की इंजिनाचं आयुष्य संपलं. चुंबकाला काहीच लागेनासं होईपर्यंत फिरवत राहा. मग खडी कोरडीच ब्रशने बसवायची, भांडी घासायच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारायचं, आणि एकास तीन पातळ केलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचं. सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी थेंबसुद्धा जाता कामा नये.

काळी माती खरीच वापरली, तव्यावर भाजून. ती डिंकाबरोबर वाळताना आक्रसते आणि भेगा पडतात. इतर ठिकाणी मॉडेलवाले यावर वैतागतील, मराठवाड्याच्या उन्हाळ्याला मात्र याहून चांगलं काही सापडणार नाही. फक्त रंग खोलीतल्या उजेडात फार गडद दिसतो, तेव्हा वरून मुरमाची पूड भुरभुरावी. कडब्याच्या पेंढ्या सुतळीच्या, पोती एम-सीलची.

क्रम लावायला पाच वाघिणींच्या पाच चिठ्ठ्या पिसायच्या आणि तीन उचलायच्या. हे देखावा करायच्या आधी, उघड्या प्लायवर, पंधरा दिवस तरी खेळा. वाघीण कुठे उतरते, कपलिंग कुठे सुटतं, हात कुठल्या खांबाला लागेल, सगळं तेव्हाच कळतं. येडशीच्या बाजूची लाइन माझ्याकडे काढता येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर संपते. तुळजापूरचा बोर्ड करायचा ठरला, तर तो दुसऱ्या टोकाला जोडता येईल.