नाशिकात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करताय आणि एआयचं टेन्शन आलंय? मग असा अभ्यास करा

कॅप राऊंडला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय ॲडमिशनला, कॉम्प्युटर भरावं का नको ही चर्चा सध्या घरोघरी चालू आहे, आणि ज्यांनी आधीच भरलंय ती पोरं एसईच्या (दुसऱ्या वर्षाच्या) वर्गात मागच्या बाकावर बसून 'कोडिंग संपलं' टाइपचे रील्स बघतायत. हे ॲडमिशन झालेल्यांसाठी लिहितेय, ब्रँच बदलायची का तो विषय वेगळा.

आधी घाबरायचं किती ते बघू. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सांगितलं की 2 टक्के म्हणजे 12 हजारांच्या वर लोक कमी करणार, आणि लगेच सगळ्या फॅमिली ग्रुपवर 'बघा, सिव्हिल घे म्हणत होतो' सुरू झालं. बातमी नीट वाचली तर त्यात जास्त करून मिडल आणि सीनियर लेव्हलची माणसं होती, आणि कंपनीचं म्हणणं की हे एआयमुळे नाही, स्किल जुळत नाहीत म्हणून. त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कंपनी येईल, शेकड्याने पोरं उचलेल, तीन-साडेतीन लाखाचं पॅकेज देईल आणि काय येत नाही ते ट्रेनिंगमध्ये शिकवेल, या भरवशावर चार वर्षं ढकलायची असतील तर घाबरायलाच पाहिजे.

माझ्या मते आता सगळा अभ्यास एकाच गोष्टीसाठी करायचा, एआयने दिलेला कोड कुठे गंडलाय ते तुम्हाला कळलं पाहिजे. म्हणजे काय ते सांगते. समजा लासलगावच्या एखाद्या कांदा व्यापाऱ्यासाठी हिशोबपट्टीचं छोटं ॲप तुम्ही एआयकडून लिहून घेतलं. दहा मिनिटांत स्क्रीन तयार, रंगबिरंगी, प्रिंटचं बटण पण आहे. आता 22 क्विंटल 45 किलो माल, भाव क्विंटलला 1851, म्हणजे 41,554 रुपये 95 पैसे व्हायला पाहिजेत, आणि ॲप दाखवतंय 40,722. का, तर टेबल बनवताना वजनाचा कॉलम इंटिजर, म्हणजे फक्त पूर्ण आकड्यांचा, ठेवला गेलाय आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस अशा कॉलममध्ये 22.45 आलं की एरर न देता गपचूप 22 करून टाकतं. शेतकऱ्याचे 832 रुपये 95 पैसे गेले ना राव! तिथे डेसिमल (दशांशाचा कॉलम) पाहिजे हे डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेसच्या विषयाच्या, दुसऱ्या-तिसऱ्या लेक्चरला होतं, पण तेव्हा आपण कॅन्टीनला होतो. आणि हमाली-तोलाई शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची का नाही यावरून 2024 ला आपल्याच जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते, ही भानगड तुम्ही स्वतःहून सांगितली नाही तर एआय ती रक्कम खुशाल कापून मोकळा होईल.

म्हणून डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस, ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम), नेटवर्क हे चार विषय पास होण्यापुरते करू नका. बाकीचे विषय पेपरच्या आधी गाइड वाचून काढा, चालतंय (सर लोक रागावतील, पण खरं ते खरं). टीईला (तिसऱ्या वर्षाला) एसपीओएस म्हणजे सिस्टीम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टीममध्ये टू पास असेंबलरचं (असेंब्ली भाषेतला प्रोग्राम दोनदा वाचून त्याचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) प्रॅक्टिकल असायचं, ते निम्मा वर्ग सीनियरच्या पेनड्राइव्हवरून उचलायचा. तसलं काही आलं की एकदा स्वतः लिहून बघा. पहिल्या पासमध्ये सिम्बॉल टेबल (लेबलं आणि त्यांचे मेमरीतले पत्ते यांची यादी) भरायचं, दुसऱ्यात मशीन कोड काढायचा, आणि लेबल वापरलंय आधी पण त्याची व्याख्या खाली आहे, मग पत्ता आणायचा कुठून, इथे डोकं फिरतं. ते फिरू द्या. तिथे लगेच चॅटजीपीटी उघडलंत तर प्रॅक्टिकल होईल, पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) 'दोन पास का लागतात' विचारलं की गप्प.

एआय वापरूच नका असं म्हणत नाहीये, उलट रोज वापरा, फक्त क्रम उलटा करा. आधी स्वतःचा कोड, तो फाटका का असेना, मग एआयला म्हणायचं यात चुका काढ, आणि कोड लिहून देऊ नकोस. किंवा त्यालाच एक्स्टर्नल (बाहेरून येणारा परीक्षक) बनवा आणि मराठीतून व्हायवा घ्यायला लावा, भारी जमतं त्याला. पहिल्या वर्षी एडिटरमधलं कोपायलट, म्हणजे आपोआप कोड सुचवणारं एआय, बंदच ठेवा. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्रोफेसरांचे कोर्स फुकट बघता येतात, त्यामुळे हजारो रुपये भरून 'एआय एक्सपर्ट इन 3 मंथ्स'वाल्या क्लासला जायची काही एक गरज नाही.

आता नाशिकचं. पुण्याएवढ्या आयटीच्या नोकऱ्या इथे नाहीत, बहुतेकांना पुण्याला जावंच लागतं, त्यात लाजायचं काय. पण शिकत असताना नाशिकसारखी जागा नाही कारण खरे प्रॉब्लेम हाताशी आहेत. सातपूर-अंबडला ओळखीतल्या कुणाचं वर्कशॉप असेल तर एक दिवस जाऊन बसा, पीएलसीमधला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधला) डेटा कोणीतरी अजून वहीत उतरवून घेतोय हे दिसेल, तो एक्सेलमध्ये आणून द्या, एवढा पण प्रोजेक्ट पुष्कळ झाला. द्राक्षवाल्या नातेवाइकांना विचारा फवारणीची नोंद कशी ठेवता, एक्सपोर्टला ती लागतेच. 2015 च्या सिंहस्थाला नाशिकच्या पोरांनी गर्दी मोजायला चटई बनवली होती, पाय पडला की मोजणी व्हायची. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, पार्किंग, हरवलेली माणसं, रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीचे रस्ते, विषय शोधायला लांब जायला नको.

बीईचा (शेवटच्या वर्षाचा) प्रोजेक्ट रेडीमेड विकत घेऊ नका. विकणारे आहेत, रिपोर्ट बाइंडिंग करून देतात, पण इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न त्याच प्रोजेक्टवर येतो आणि दुसरा असतो की हे करताना अडलं कुठे. तिथे सांगायला तुमच्याकडे ते 22 क्विंटल 45 किलोसारखं काहीतरी पाहिजे, कुठली चूक होती, कशी सापडली, काय बदललं. हे सगळं गिटहबवर (कोड ऑनलाइन ठेवायची साइट) तारखेवार टाकत जा, शेवटच्या आठवड्यात एकदम 40 फाइल्स चढवल्या की समोरच्याला लगेच कळतं. आणि कॅम्पसला कोण येतंय याची वाट बघत बसू नका, सातव्या सेमपासून पुण्यातल्या छोट्या कंपन्यांना इंटर्नशिपसाठी स्वतः मेल टाकायला लागा, मेलमध्ये चार ओळी आणि ती गिटहबची लिंक, बायोडेटा एक पानाचा.