बाटली कुठे मिटवायची हे पाण्याला विचारा: कोकोलिथचे नमुने घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

एम.एस्सी.ची मुलं अरबी समुद्रातल्या मोहिमेवर निघतात तेव्हा वहीत नमुन्याच्या खोल्यांचा तक्ता आधीच आखलेला असतो: ० मीटर, २०, ६०, १००. मी त्यांना तो तक्ता मुंबईतच ठेवून जायला सांगते. अंगावर चुन्याच्या सूक्ष्म चकत्या, म्हणजे कोकोलिथ, वागवणारं हे वनस्पती प्लवक (कोकोलिथोफोर) मीटर मोजून राहत नाही. ते पाण्याबरोबर फिरतं, आणि एकाच खोलीवर दोन ठिकाणी दोन वेगळी पाणी असू शकतात.

जानेवारीतले ६० मीटर घ्या. उत्तर अरबी समुद्रात तेव्हा जमिनीवरून कोरडा, थंड वारा येतो. बाष्पीभवनाने वरचं पाणी खारट होतं, गार होतं, जड होऊन खाली बसतं. मिश्र थर, म्हणजे ढवळून एकसारखं झालेलं वरचं पाणी, १०० मीटरपर्यंतही पोचतो, म्हणजे तुमची ६० मीटरची बाटली पृष्ठभागाचंच पाणी आणते. याच पाण्यापासून अरबी समुद्राचा उच्च क्षारतेचा, ३६ च्या वरचा (किलोमागे ग्रॅम मीठ) जलपुंज, म्हणजे एकाच गुणधर्माचा पाण्याचा मोठा साठा, तयार होतो आणि पृष्ठभागाखालून दक्षिणेकडे पसरतो. त्याच महिन्यात लक्षद्वीपकडे मात्र बंगालच्या उपसागराचं कमी खारं पाणी किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर येऊन वर झाकणासारखं बसलेलं असतं. तिथले ६० मीटर त्या झाकणाखालचे असू शकतात.

म्हणून पद्धत अशी ठेवा. सीटीडी (खोलीनुसार तापमान आणि क्षारता मोजणारं, बाटल्या लावलेलं यंत्र) खाली जात असताना पडद्यावरचे तापमान, क्षारता आणि हरितद्रव्याचे आलेख बघत राहा. बाटल्या मिटवायच्या असतात वर येताना, त्यामुळे ठरवायला वेळ मिळतो. एक बाटली मिश्र थरात, एक तापमान झपाट्याने उतरतं तिथे, एक हरितद्रव्य सर्वांत जास्त आहे तिथे, आणि एक त्याच्याही खाली, उजेड संपत आलेल्या पाण्यात. ही शेवटची बाटली वेळ वाचवण्यासाठी गाळू नका. फ्लोरिस्फेरा प्रोफुंडा ही कोकोलिथोफोरची जात तिथेच राहते.

सराव म्हणून वर्सोव्याहून बादलीभर पाणी आणायचं असेल तर जरूर आणा, पण फक्त गाळण्याचा हात बसावा म्हणून. त्यात चिखल आणि डायाटम (सिलिकाचं कवच असलेलं प्लवक) भरपूर असतात. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. मोकळ्या समुद्रातले कोकोलिथोफोर नीट बघायचे तर तिच्या कडेपलीकडे जावं लागतं.

गाळायला ०.८ किंवा ०.४५ मायक्रॉनचा मेम्ब्रेन फिल्टर घ्या आणि पंपाची ओढ हलकी ठेवा. मीठ धुवायला नुसतं डिस्टिल्ड वॉटर वापरू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्ल होतं आणि चुना विरघळवतं. त्यात अमोनियाचे थेंब घालून पीएच ८.५ च्या आसपास आणा. नमुना टिकवायला आम्ल ल्युगॉल (आयोडीनचं द्रावण) नको, आम्ल झालेलं फॉर्मेलिनही नको. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत उघड्या फिल्टरवर बुरशी धरते, म्हणून ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवा.

मायक्रोस्कोपखाली ध्रुवित प्रकाशात जेफिरोकॅप्सा हा कोकोलिथोफोर ओळखणं सोपं: चकतीच्या मधल्या भोकावर तिरका पूल चमकतो. फ्लोरिस्फेराच्या पातळ पट्ट्या फिकट असतात, नजरेतून सुटतात. एमिलियानिया हक्सलेयी या आणखी एका जातीची खात्री करायची तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच हवा. अख्खे कोकोस्फिअर (पेशीभोवतीचा चकत्यांचा पूर्ण गोल) आणि सुटे कोकोलिथ वेगवेगळे मोजा. पेशी मेल्यावर सुटलेली चकती वरच्या पाण्यातून खाली आलेली असू शकते, अख्खा गोल मात्र बहुधा तिथलाच असतो. याच कारणाने पर्शियाच्या आखाताचं खारं पाणी, जे २००-३०० मीटरवर अंधारात असतं, त्यातल्या चकत्यांवरून ‘या पाण्यातली वस्ती’ असं लिहू नका.

आता जिथे सगळ्यात जास्त घाई होते तो भाग. मुलं आकृतीवर तापमान-क्षारतेचे ठिपके मांडतात, त्यावर जातींची नावं टाकतात आणि लिहितात, ‘ही जात ३६ क्षारतेला आवडीने राहते.’ माझ्या मते हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. मोकळ्या समुद्रात ३४ आणि ३६ मधला फरक सहसा जाती ठरवत नाही. ठरवतो तो थरांचा बांधा. कमी खारं, हलकं पाणी वर बसलं की खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत. मग वर डिस्कोस्फेरा ट्युबिफेरासारख्या कमी पोषणात तग धरणाऱ्या जाती आणि खाली, उजेड संपत आलेल्या पाण्यात फ्लोरिस्फेरा भरते. थर ढवळले गेले किंवा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत खालचं पाणी वर आलं की जेफिरोकॅप्सा ओशिआनिका वाढते. सिलिकेट भरपूर असेल तर डायाटम तिलाही मागे टाकतात. म्हणून नायट्रेट, सिलिकेटसाठी त्याच बाटलीतलं पाणी आधी काढून ठेवा आणि मगच गाळायला बसा.

लेबलवर मीटरसोबत त्या क्षणाचं तापमान, क्षारता आणि मिश्र थराची खोली पेन्सिलने लिहा. शाई पाण्यात उतरते.