इंग्रजी लिहिताना 'अर्जंट' कुठे बसवायचं

मराठीत 'अर्जंट' कुठेही चालतं. अर्जंट काम आहे, अर्जंट ये, मला अर्जंट आहे. संध्याकाळच्या वर्गात मुलांचे ई-मेल तपासते तेव्हा ही सवय इंग्रजीत जशीच्या तशी उतरलेली दिसते.

इंग्रजीत ते विशेषण आहे, नामाबद्दल सांगणारं: ॲन अर्जंट मेसेज, अर्जंट रिपेअर्स. आधी 'अ' नाही, 'ॲन'. स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर 'युनिव्हर्सिटी'चंच आहे, पण तिथे उच्चार 'य'ने सुरू होतो आणि इथे स्वराने. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', पण 'ॲन अर्जंट कॉल'.

'अर्जंट पाठव' म्हणताना आपण ते क्रियापदाला जोडतो. इंग्रजीत तिथे 'अर्जंटली' हवं: 'वुई अर्जंटली नीड द फॉर्म.' 'सेंड इट अर्जंट' लिहू नका.

घाई माणसाला असली तरी अर्जंट असतं ते काम. म्हणून 'आय ॲम अर्जंट' चूक, 'इट्स अर्जंट' बरोबर. स्वतःबद्दलच सांगायचं तर 'आय ॲम इन अ हरी'. आवाजाला मात्र हे विशेषण लागतं. 'ॲन अर्जंट व्हिस्पर' म्हणजे कुजबुजच, पण 'ऐक ना, आत्ताच ऐक' असा तगादा लावणारी. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ रेटणे, दाबणे. तो रेटा इथे अजून जाणवतो. आपल्या 'अर्जा'शी याचं काही नातं नाही, तो अरबीतून फारसीमार्गे आला.

आता रजेचा अर्ज. 'आय ॲम हॅविंग अर्जंट वर्क ॲट होम' ही ओळ शाळेपासून पाठ असते. 'काम आहे' या अर्थाने 'आय हॅव' लिहायचं, 'हॅविंग' नाही. पण मी ती ओळ अख्खीच काढायला लावते. 'आय नीड टू टेक माय मदर टू द हॉस्पिटल धिस आफ्टरनून' लिहिलं की साहेबांना निकड आपोआप कळते, आणि आईच्या दवाखान्यासाठी कुणालाही मोघम लिहावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

ई-मेलच्या विषयात नुसतं 'अर्जंट' आणि पुढे तीन उद्गारचिन्हं नकोत. काय हवं आणि कधीपर्यंत, ते तिथेच सांगा: 'अर्जंट: साइन्ड फॉर्म नीडेड बाय 4 पी.एम. टुडे'.