सड्याचा माहितीपट: पुरावा म्हणून टिकेल, आठवण म्हणून उरेल असा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एप्रिल २०२३मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकरी विरोधाला उभे राहिले. तिथली कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, वर्षभर आधीच युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली होती. अशा जागेचा माहितीपट करायचा तर मोर्चाच्या आधी सडा टिपा. मोर्चा टिपायला बरेच जण येतात, सड्याची मात्र कुणी नोंद ठेवत नाही.

कातळशिल्पांच्या खाचा उथळ असतात. भर दुपारी ऊन डोक्यावर असलं की चित्र सपाट होतं, काहीच उमटत नाही. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तास गाठा आणि ऊन बाजूने तिरपं येईल असा कॅमेरा लावा. खाचेची एक कड सावलीत जाते आणि आकृती उठून दिसते. पावसाळ्यात गवत माजतं, म्हणून फेब्रुवारी ते मे हा काळ बरा. खाचेत खडू किंवा चुना भरू नका, चप्पल काढून वावरा. एक शॉट शेजारी मीटरपट्टी ठेवून, एक पट्टीशिवाय. शिवाय एक लांबचा शॉट घ्या, त्यात वाडी किंवा देऊळ अशी कायमची खूण हवी. जीपीएस, लेन्स आणि कॅमेऱ्याची उंची वहीत लिहा, म्हणजे दहा वर्षांनी दुसरं कुणी तिथेच उभं राहून तोच शॉट घेऊ शकेल.

सड्यावर खरा घात वारा करतो. माइकवरचा नुसता फोम पुरत नाही, केसाळ कव्हर लागतंच. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

आजी-आजोबांशी बोलायला पडवी उत्तम, पण पत्र्याखाली नको, आवाज घुमतो. घरघर नको म्हणून फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचं विसरणार नाही. घरातल्या बल्बचा लुकलुकाट टाळायला सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. ‘प्रकल्पाबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं की भाषण मिळतं. ‘आजी, गुरं कुठल्या वाटेनं सड्यावर जायची?’, ‘पहिल्या पावसाचं पाणी कुठं साठतं?’ असं विचारा. जमीन बोलायला लागते. उत्तर संपलं तरी पाच सेकंद गप्प राहा. बोली सुधारायला जाऊ नका.

संमती कॅमेऱ्यावर घ्या, आणि संपादन झालेला भाग दाखवून पुन्हा घ्या. ज्यांच्यावर केसेस आहेत त्यांचा नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. आवाज, बांगड्या, मागचं अंगण यावरून गाव ओळखतंच. तिथे चित्र घेऊच नका. त्यांचे शब्द दुसऱ्याच्या आवाजात वाचून घ्या.

सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केलं की तासाला ४५ जीबी भरतात. त्याच संध्याकाळी दोन ड्राइव्हवर कॉपी करा, हॅश (फाइलमधून काढलेला ठशासारखा संकेत, फाइल जराही बदलली तर तो बदलतो) जुळल्याशिवाय कार्ड पुसू नका, आणि एक ड्राइव्ह दुसऱ्या गावी पाठवा. चित्रण कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावा लागतो, म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी हवी आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप सहसा कॉम्प्रेस होऊन दर्जा घसरलेली असते, मूळ तपशील निघून गेलेले असतात. कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी येते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

पूर्ण मुलाखतींची एक प्रत गावातल्या वाचनालयात ठेवा, वाडी, तारीख आणि विषय लिहिलेल्या यादीसकट. वर्षातून एकदा ती प्रत उघडून बघायची जबाबदारी गावातल्याच दोघांकडे द्या.