कोंबड्यांचं खुराडं: जाळी उभी कमी, आडवी जास्त

कोंबड्यांसाठी जाळी मागितली की दुकानदार षटकोनी भोकांची, हाताने चुरगळता येईल अशी जाळी पुढे करतो. "काका, सगळे हीच नेतात." नेतात खरे. ती जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून असते, मुंगूस आत येऊ नये म्हणून नव्हे. भटकं कुत्रं ती एका रात्रीत दातांनी उसवतं.

आधी आपल्याकडे, बेळगाव जिल्ह्यात, येतं कोण ते बघा. निपाणी-चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यात कोल्हा, रानमांजर आणि मुंगूस. ऊसतोड सुरू झाली की त्यांचा आडोसा जातो आणि ते गावाकडे सरकतात, म्हणून हे काम तोडीच्या आधी उरकलेलं बरं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे उदमांजर, साप आणि जंगलाला लागूनच घर असेल तर बिबट्यासुद्धा. बेळगाव शहराच्या उपनगरांत सगळ्यात मोठा शत्रू भटकी कुत्री. घूस मात्र सगळीकडे आहे. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, उदमांजर रात्री. त्यामुळे 'रात्री कोंडलं की झालं' हे अर्धंच खरं.

माप सोपं आहे. रात्रीच्या खुराड्यात कोंबडीमागे दोन चौरस फूट, दिवसाच्या जाळीच्या आवारात आठ ते दहा. आवाराची उंची सहा फूट ठेवा, नाहीतर झाडलोट करताना कंबर धरते आणि मग झाडलोटच होत नाही. चार-पाच कोंबड्यांना अंड्यांचा एक खण पुरतो. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला नऊ-दहा इंच जागा द्या. गिरिराजसारखी जड कोंबडी असेल तर दांडी दीड-दोन फुटांवरच बांधा, तिला उंच उडी झेपत नाही.

रात्रीचं खुराडं चिऱ्याचं किंवा विटांचं करा. जोतं फूटभर उंच घ्या आणि तळाला कोबा किंवा शहाबादी फरशी घाला. फरशीचे सांधे सिमेंटने भरून घ्या, घूस तिथूनच वर येते. बिबट्याचा वावर असेल तिथे या खोलीला पर्याय नाही, जाळी त्याच्यापुढे टिकत नाही. आवाराचा सांगाडा लोखंडी अँगलचा करा, कोणताही फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो. जाळी अर्धा इंची भोकाची, वेल्ड केलेली, गॅल्व्हनाइज्ड. तार 18 किंवा 19 गेजची. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवा. एक इंची भोकातून रानमांजर पंजा घालतं आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचं डोकं ओढतं.

इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. अडतं ते जाळी जमिनीला मिळते तिथे. मलाही सगळ्यात जास्त तिथेच झगडावं लागलं, आणि ज्यांच्या कोंबड्या गेलेल्या मी पाहिल्या त्यांच्याकडे भिंती शाबूत होत्या, भोक पायथ्याशी होतं.

नेहमीचा सल्ला असा: चर खणा आणि जाळी दोन फूट खाली उभी पुरा. हा सल्ला देणाऱ्याने आपल्याकडची जमीन खणलेली नसते. खानापूरच्या बाजूला हातभर खाली जांभा लागतो, टिकाव नुसता उडतो. शेवटी गडी कंटाळून फूटभरच खणतो आणि 'झालं की मालक' म्हणतो. पूर्वेकडच्या काळ्या रानात खणणं सोपं, पण उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात. जाळीलगत भेग पडली की घुशीला तयार रस्ता मिळाला. शिवाय पुरलेली जाळी गंजली तर दिसतही नाही.

त्यापेक्षा जाळी आडवी घाला. जनावर कुंपणाशी येतं, नाक लावतं आणि तिथेच, अगदी भिंतीला चिकटून उकरायला लागतं. नखं जाळीला लागली की दोन पावलं डावी-उजवीकडे सरकून पुन्हा तेच करतं. दोन फूट मागे जाऊन तिथून भुयार काढावं, हे कुत्र्याला सुचत नाही, मुंगसालाही सहसा नाही. एवढ्याच गोष्टीवर ही सगळी युक्ती उभी आहे.

तीन फूट रुंदीचा रोल घ्या. लांबीभर फळी ठेवून लाकडी हातोडीने जाळी काटकोनात वाकवा: एक फूट उभी, दोन फूट आडवी. आडवा भाग, म्हणजे पदर, आवाराच्या बाहेरच्या बाजूला पसरायचा. आत वळवलेला पदर निरुपयोगी, कारण जनावर बाहेर उभं असतं. उभा फूटभर भाग सांगाड्याला बाहेरूनच बसवा, म्हणजे जनावराने ढकललं तरी जाळी अँगलवर दाबली जाते. आतून बसवली तर तोच धक्का तिला सुटी करतो. नुसत्या बायंडिंग वायरवर विसंबू नका, ती दोन पावसाळ्यांत गंजून तुटते. वरून लोखंडी पट्टी ठेवून नट-बोल्ट मारा. भिंतीची जाळी आणि पदराची जाळी किमान चार इंच एकमेकींवर यायला हवी, आणि तो सांधा दर चार बोटांवर जाड गॅल्व्हनाइज्ड तारेने शिवून घ्या. कंटाळवाणं काम आहे. इथे हात आखडता घेतला तर बाकीचा खर्च वाया.

आता कोपरे. दोन बाजूंचे पदर कोपऱ्यात येतात तेव्हा त्यांच्या मध्ये बाहेरच्या अंगाला दोन बाय दोन फुटांचा चौकोन उघडा राहतो. गवंडी आणि वेल्डर दोघेही तो सोडून जातात, कारण मापात तो कुठेच येत नाही. आणि कुंपणालगत फिरणारं जनावर कोपऱ्याशी थबकून उकरतं. म्हणून प्रत्येक कोपऱ्यासाठी अडीच फुटांचा वेगळा चौकोनी तुकडा कापा, दोन्ही पदरांवर चढवा आणि पदरांवर चढलेल्या दोन्ही कडा शिवा. काम संपल्यावर पैसे देण्याआधी कोपऱ्यात वाका, बोटं घालून ओढा. अंगठा आत गेला तर अजून काम बाकी आहे.

पदर अंथरण्याआधी वरची तीन बोटं माती काढा. सहा मिलिमीटरच्या सळीचे यू वाकवून दर दोन फुटांवर ठोका आणि माती परत लोटा. जांभ्यात सळी जात नसेल तर बाहेरच्या काठावर चिऱ्यांची रांग मांडा. अंथरण्याआधी जाळीला डांबरी काळा रंग दिला तर आयुष्य वाढतं. वर गवत आलं की पदर दिसतही नाही, पण तिथे विळा चालवताना सांभाळा.

आणि पाऊस. पत्र्याच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे महिन्याभरात मातीत सरळ नाली पडते. ती नाली भिंतीलगत आली तर पदराखालची माती वाहून जाते, जाळी अधांतरी लोंबते आणि उकरायचे कष्टही कोणाला पडत नाहीत. पत्रा भिंतीबाहेर दोन फूट काढा आणि पागोळ्यांच्या रेघेवर खडी टाका. कणकुंबीकडच्या पावसात तर खडीच्या पलीकडे पाणी वाहून न्यायला वेगळा चर हवाच.

दार: लाकडी नको, पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात खाली फट सोडतं. अँगलचं करा, बाहेर उघडणारं, खाली दगडी उंबऱ्याला टेकणारं. वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या, कोयंड्यात अडकवायला कुलूप. खालची कडी नसली की कुत्रं दाराचा कोपरा दाबून वाकवतं. कुलूप मुंगसासाठी नाही. गावच्या महालक्ष्मी जत्रेच्या आठवड्यात घरोघरी पाहुणे असतात, आणि तेव्हा दोन पायांवर येणाराही कोणी असतो.

वरून तीच अर्धा इंची जाळी. मासेमारीचं जाळं घार-शिक्र्यापुरतं ठीक, उदमांजराला नाही. खुराड्यावर मंगलोरी कौलं असतील तर कौलाखाली जाळी ठोका, उदमांजर कौल सरकवून उतरतं. पत्र्याच्या लाटांखालची भोकं जाळीच्या तुकड्यांनी बुजवा. हवेचे झरोके वर ठेवा, त्यांनाही तीच जाळी.

डांबरगोळ्या, फिनाईल, लाल दिवा, वाळलेल्या मिरच्यांचा धूर, यांतल्या कशानेही साप किंवा मुंगूस थांबत नाही. डांबरगोळी कोंबडीने टोचली तर उलट तीच मरते. जाळीत करंट सोडण्याचं तर नावच काढू नका, त्याने शेजाऱ्याचं पोर मरतं. विष आणि फासेही नकोत: मुंगूस, उदमांजर, रानमांजर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. रात्री खाद्य उचलून झाकणाच्या पिंपात ठेवा, कारण सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप.

येतंय कोण ते कळत नसेल तर संध्याकाळी पदरावर चुलीची राख चाळून पसरा. सकाळी ठसे वाचा: चार बोटं आणि नखं दिसली तर कुत्रं किंवा कोल्हा, चार बोटं बिननखांची तर मांजर, पाच बोटं तर उदमांजर किंवा मुंगूस. एकाच जागी रोज ठसे दिसले तर तिथला सांधा पुन्हा तपासा.

नव्या खुराड्यात कोंबड्या आणल्यावर आठवडाभर आवाराबाहेर सोडू नका. घर ओळखीचं झालं की दिवेलागणीला आपणहून आत शिरतात, तुम्ही फक्त मोजून कडी लावायची. दरवर्षी मृग लागायच्या आधी एकदा पदरावरून चालत फेरी मारा. पाय जिथे खाली दबेल तिथे माती भरा, तार सुटली असेल तिथे नवी शिवा.